नुसती बसलेली बोर्गहिल्ड

—अगं, किल्ली हरवलेली नाही, आहे, माझ्याच कुठल्यातरी खिशात आहे, पण म्हाताऱ्या माणसाला खिसे फार असतात ना, आणि घाई केली की बोटं आखडतात. तू बस. बस म्हणतो ना. फेरीबोटीला अजून अवकाश आहे, आणि ही चुकली तर पुढची आहेच, आणि तीही चुकली तर गावात पाहुण्यांची खोली आहे—ओलीचा थोडा वास येतो, पण उशी चांगली आहे. कॉफी घे. सिन्ने ना तुझं नाव? सिन्ने. बरं. तर सिन्नेबाई, तू ओस्लोच्या संग्रहालयातून आलीस, चित्र न्यायला आलीस, सगळं रीतसर ठरलंय, मला माहीत आहे, मी काही आडवा येत नाहीये. मी तोर्ग्रिम. गावच्या या हॉलची झाडलोट, चुलीची लाकडं आणि त्या चित्रावरच्या लोखंडी पट्टीच्या कुलपाची किल्ली, एवढं माझ्याकडं. चोर येतील म्हणून पट्टी बसवली समितीनं. चोर! आमच्या स्टेनवोगनमध्ये चोर आलाच तर लोक त्याला वाट करून देतील—परक्या माणसाच्या कामात कशाला तोंड घाला, म्हणून.

आणि हो, एकमतानं ठरलं, तेही खरंय. मी होतो ना त्या बैठकीला. इथंच, ह्याच टेबलाशी. अध्यक्षा म्हणाली, ओस्लोला मोठं प्रदर्शन आहे, आपल्या गावच्या चित्रकाराची, येल्सविकची, सगळी चित्रं एकत्र येणार, आपलं शेवटच्या दालनात लागणार, मग तिथून आणखी कुठं कुठं परदेशात फिरणार, काही वर्षांनी परत येईल—कुणाचा विरोध आहे का? आता आमच्याकडं एखाद्याचा विरोध असला तर तो काय करतो? कॉफीच्या कपात बघतो. त्या दिवशी सगळेच्या सगळे कपात बघत होते. मग अध्यक्षा म्हणाली, छान, एकमतानं मंजूर. मी? मीही कपातच बघत होतो, आणि इतरांपेक्षा जरा जास्तच जोरात बघत होतो, पण ते तिला कळणार कसं—ती स्वतःच कपात बघत होती. काही वर्षांनी म्हणे! मी चौऱ्याऐंशीचा आहे. काही वर्षं हा शब्द मला आता लागू होत नाही, पोरी. चित्र परत येईल तेव्हा किल्ली दुसऱ्याच कुणाच्या तरी खिशात असेल, आणि त्याला ती पहिल्या झटक्यात सापडेल.

साखर नाही? बरं. वॉफल घे, वर तपकिरी चीज घाल, अगं घाल, जाड काप. हे वॉफल मी केलेत. पूर्वी बोर्गहिल्ड करायची, दर रविवारी, इथंच, ह्याच तव्यावर, चित्राच्या बरोब्बर खाली उभी राहून. कोण बोर्गहिल्ड? अगं, ती काय, तुझ्यासमोर बसलीय. भिंतीवर. ती माझी बायको. तुमच्या कागदावर तिला नाव नाही ना? मला ठाऊक आहे, ‘बसलेली स्त्री’ एवढंच लिहिलंय. ‘स्त्री’ हे ठीक आहे, पण ‘बसलेली’? अगं, ती कधी बसायचीच नाही! त्रेपन्न वर्षांच्या संसारात मी तिला बसलेली पाहिली ती फक्त त्या चित्रात. घरात कायम उभी, नाहीतर वाकलेली, नाहीतर शिडीवर. बसली तरी हातात विणकाम. तिच्या सख्ख्या भावाच्या अंत्यविधीला चर्चमध्ये पायमोज्याची टाच वळवत होती, पाद्री बघतोय तिच्याकडं, आणि ही मनातल्या मनात टाके मोजतेय. आणि आता बघ ते हात. मांडीवर. रिकामे. गेली चार वर्षं ती नाही, आणि अजून मला त्या रिकाम्या हातांचं कोडं सुटलेलं नाही.

नाही, थांब, तुला येल्सविक कसा होता ते सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही. तुम्ही त्याच्यावर पुस्तकं काढता, पण त्याचा शेजार कुठं केलाय तुम्ही? हाल्वोर येल्सविक म्हणजे नुसता आरडाओरडा—चित्रांत हं, तोंडानं नाही. तोंडानं तो वर्षाकाठी जेवढं बोलायचा तेवढं मी तुझ्याशी आत्ताच बोललोय. पण चित्रं! घरं तिरपी, आभाळ लालभडक, माणसं हिरवी, तोंडं उघडी. आमच्या पाद्र्याला त्यानं निळा केला होता. निळा! डोळ्यांत पिवळं. आणि ते चित्र दिलं कुणाला भेट? पाद्र्यालाच. पाद्रीणबाईंनी ते बैठकीच्या खोलीत लावलं, कारण न लावणं बरं दिसलं नसतं, आणि त्यापुढं एक मोठं झाड आणून ठेवलं, कुंडीतलं, आणि ते झाड त्या इतक्या प्रेमानं वाढवायच्या की काय सांगू. गावाचं मत विचारशील तर गाव म्हणायचं, वाईट नाही. आमच्याकडं ‘वाईट नाही’ म्हणजे फार झालं. माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यानं माझ्याबद्दल तेवढंही म्हटलं नव्हतं.

तर तो असा म्हातारा झालेला, एकटा, धक्क्याच्या पलीकडच्या घरात—खिडकी थेट खाडीवर. आणि बोर्गहिल्ड त्याला अंडी नेऊन द्यायची. आमच्या कोंबड्या होत्या. हिवाळा तोंडावर आलेला. एक दिवस ती अंडी घेऊन गेली, आणि तो म्हणाला, बस जरा. बस! एवढंच. बाहेर गार होतं म्हणून म्हणाला असेल, अंड्यांसाठी भांडं शोधत होता म्हणून म्हणाला असेल, देव जाणे. ती बसली. त्यानं ब्रश घेतला. आता हिची पंचाईत झाली—माणूस काम करतोय, मध्येच कसं उठायचं? आणि त्याची दुसरीच पंचाईत—बाई बसलीय, तिला जा कसं म्हणायचं? तो रंगवत राहिला, ही बसून राहिली, अंधार पडला. अंधार पडल्यावर मात्र दोघांना निमित्त मिळालं. दारात तो म्हणाला, उद्या? ती म्हणाली, बघते. आमच्याकडं ‘बघते’ म्हणजे काय ते तुला कळायचं नाही, तू ओस्लोची. ‘बघते’ म्हणजे येते.

आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली, नाताळ आला नि गेला, ही जातेच आहे! सकाळची कामं उरकायची, कोंबड्यांना दाणे घालायची, मला मासळीच्या वड्या झाकून ठेवायची, आणि निघायची. मी फेरीवर कामाला, दुपारी घरी येऊन बघतो तर वड्या गार आणि घर त्याहून गार. नाही, मी काही विचारलं नाही. काय विचारू? बायको कुठं गेलीय ते मला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. गाव काही बोललं नाही, पण इतकं मोठ्यानं बोललं नाही की कान किटले माझे. दुकानात गेलो की दुकानदारीण विचारायची, बोर्गहिल्ड बरी आहे ना? मी म्हणायचो, हो, बसलीय. मग ती म्हणायची, हं. आणि मागची रांगही म्हणायची, हं. त्या ‘हं’ची एक माळ करून माझ्या गळ्यात घातली असती ना, तर मी खाडीत बुडालो असतो.

कॉफी गार होतेय तुझी.

काय? नाही, मला काही वाटत नव्हतं. वाटायचंय काय? म्हाताऱ्याची सत्तरी उलटलेली, मला तेव्हा चाळिशीही लागली नव्हती, अंगात ताकद, सुकाणूवर हात—मला काय वाटणार? हां, एवढं खरं की आमच्या फेरीवर एक दुर्बीण असायची. पाण्यातली खूण बघायला, दुसरी बोट बघायला. आणि त्याची खिडकी खाडीवर. आता बोट ज्या बाजूनं जाते त्या बाजूला माणसाची नजर जाणारच ना. कप्तान एकदा म्हणाला, तोर्ग्रिम, पाण्यातली खूण डावीकडं आहे. मी म्हणालो, मी उजवीकडची बघतोय. तो म्हणाला, उजवीकडं खूण नाही. मी म्हणालो, म्हणूनच बघतोय, कुणी नवी टाकली असली तर. त्यावर तोही म्हणाला, हं. आणि एकदा, एकदाच, बोट धक्क्याला जरा जास्त प्रेमानं टेकली. लोकांच्या टोप्या पडल्या, एका बाईच्या पिशवीतले बटाटे घरंगळत पार माझ्या पायाशी आले. ओहोटी होती, मी म्हणालो. भरती होती. सगळ्यांना दिसत होतं भरती आहे. पण कुणी काही बोललं का? बटाटे वेचले आणि गेले.

दिसायचं काय दुर्बिणीतून? काही नाही. हेच. जे तुला भिंतीवर दिसतंय तेच. खुर्ची, बाई, खिडकीकडं वळलेलं तोंड. तुमच्या त्या विद्वान माणसानं लिहिलंय ना, मागच्या उन्हाळ्यात आला होता तो, चष्मा इथं कपाळावर, तो म्हणाला, ही स्त्री मृत्यूकडं पाहतेय. अरे बाबा, मी ती खिडकी ओळखतो! त्या खिडकीतून मृत्यू कसला दिसतोय, त्या खिडकीतून दिसतं नुसतं पाणी. पाणी, आणि दिवसातून काही वेळा आमची फेरी जाता-येता. बस, दुसरं काही नाही. मी त्याला तसं सांगितलंसुद्धा. त्यानं वॉफल खाल्ला आणि लिहिलं, मृत्यू.

मग मी एकदा गेलो तिथं. हो, गेलो. असं कसं जाणार, निमित्त पाहिजे, म्हणून शिडी घेऊन गेलो. म्हटलं, ही तुझी शिडी परत करायला आलोय. शिडी माझीच होती. पण शिडी खांद्यावर असली की माणूस कसा कामात दिसतो. मला वाटलं तो म्हणेल, छे, माझी नाही ही, मग मी म्हणेन, अरेच्चा, आणि तेवढ्यात आत डोकावून घेईन. तर तो येल्सविक—त्याला वाटलं असणार हा बिचारा चुकतोय, त्याला कशाला तोंडघशी पाडा—म्हणाला, ठेव तिथं. गेली! माझी चांगली लाकडी शिडी गेली ती गेली, परत मागू कशी? वर म्हणाला, कॉफी? आता कॉफीला नाही म्हणता येत नाही. आत गेलो, बसलो. आता तिघं बसलो. चुलीत लाकूड जळतंय, तो रंगवतोय, ती बसलीय, मी बसलोय. आणि मी बघतो तर तिचे हात मांडीवर, रिकामे, विणकाम पिशवीत, पिशवी बंद. आणि तोंडावर—कसं सांगू—काही करायचं राहिलंय, कुणाला काही द्यायचंय, असलं काही नाहीच. निवांत. मला जळजळ झाली, खोटं कशाला बोलू. तो तिला बघतोय म्हणून नाही. ती त्याच्याकडं निवांत बसते आणि माझ्याकडं बसत नाही म्हणून. मी कॉफी संपवली, म्हणालो, बरं मग. तो म्हणाला, बरं. आणि बाहेर पडलो, दारात पडलेली माझीच शिडी ओलांडून.

आणि आता एक गोष्ट सांगतो, ती तुझ्या पुस्तकात घाल, नाहीतर घालू नकोस. तुम्ही सगळे विचारता ना, की जन्मभर आरडाओरडा करणारा हा माणूस शेवटी एवढा शांत कसा झाला? हा एवढा राखाडी, एवढा निळसर, पातळ, जणू धुऊन काढल्यासारखा? तुमचा तो चष्मेवाला म्हणाला, उतारवयातली आंतरिक शांती. कसली शांती! अवघडलेपण ते! अगं, ते चित्र नाताळापर्यंत पुरं झालं होतं. मी पाहिलंय ना दुर्बिणीतून—भिंत लाल होती, बोर्गहिल्ड हिरवी होती, चांगली पालकाच्या भाजीसारखी. पण ‘झालं’ म्हणायचं कुणी? त्यानं ‘झालं’ म्हटलं तर त्याचा अर्थ ऊठ, जा, असा होणार. तिनं विचारलं तर त्याचा अर्थ मला कंटाळा आलाय, असा होणार. मग तो करणार काय? ती समोर येऊन बसली की ब्रश तर हलवायला पाहिजे! म्हणून काल लावलेलं आज फडक्यानं पुसायचं, आज त्यावर पातळ हात मारायचा, उद्या तोही पुसायचा. असं करता करता सगळा आरडाओरडा पुसून गेला, बघ. तो बाहीवरचा तांबडा ठिपका दिसतो? तेवढाच जुना येल्सविक उरलाय. ईस्टर आणखी उशिरा आला असता ना, तर नुसतं कोरं कापड घेऊन गेली असतीस आज तू.

हसतेस. हस, हस. बोर्गहिल्डला सांगितलं असतं मी हे, तर तीही—नाही, ती हसली नसती, ती तव्यावर पीठ ओतत म्हणाली असती, हं.

संपलं कसं? ते सांगतो आणि मग किल्ली बघतो. येल्सविकची एक खोड होती, तुला माहीत असेलच. बर्फ वितळायला लागला की घरातली सगळी नवी चित्रं अंगणात आणून मांडायचा. उघड्यावर! पाऊस, ओला बर्फ, पक्षी, काय वाट्टेल ते. म्हणायचा, टिकेल ते चित्र. गावातले लोक जाता-येता बघायचे, हजारो क्रोनरची चित्रं भिजतायत, पण सांगणार कोण—त्याचं अंगण, त्याची चित्रं. तर ईस्टरच्या आधी एके दिवशी मी फेरीवर, आणि असा ओला बर्फ सुरू झाला, आडवा, समोरचं दिसेना. तरी मी दुर्बीण लावली. खुणेसाठी. अंगणात सगळी चित्रं उभी भिजतायत, रंग गळतायत, आणि त्यातल्या एकावर मात्र काहीतरी टाकलेलं, झाकलेलं. मी म्हटलं, बघा, म्हाताऱ्याचं एखादं लाडकं असणार. टिकेल ते चित्र म्हणे!

घरी गेलो. थोड्या वेळानं ही आली. नखशिखांत भिजलेली, केसांतून पाणी, ओठ निळे—पाद्र्यासारखे. अंगावर कोट नाही. आता तो कोट कसला होता ते ऐक. मी बेर्गनहून आणलेला, हिरवा, जाड, आत लोकर, गावात तसला कुणाकडं नव्हता. त्याचं एक बटण तुटलं होतं, तर तसलं बटण मिळेना, म्हणून मी माझ्या फेरीच्या गणवेशाचं पितळी बटण काढून लावलं होतं, नांगराचं चिन्ह असलेलं. मीच शिवलं होतं, गबाळं, खूप दोऱ्यानं, पण घट्ट. तर तो कोट नाही. मी म्हणालो, कोट? ती म्हणाली, राहिला. बस. एक शब्द. मी काळ्या मनुकांचं गरम सरबत करून दिलं, ती आठवडाभर शिंकत पडली, आणि बरी झाल्यावर पुन्हा तिकडं गेली नाही. तोही बोलवायला आला नाही. रस्त्यात दिसले की मान हलवायचे. संपलं.

संपलं म्हणजे त्यांचं. माझं कुठं संपलं? कोट राहिला! बाईमाणसाचा कोट असा राहतो? त्या हवेत? दारात ओला बर्फ पडत असताना कुठली बाई म्हणेल, राहू दे कोट, मी अशीच जाते? काहीतरी घाईनं निघाली असणार, रागानं, नाहीतर—मी त्या ‘नाहीतर’शी इतकी वर्षं झोपलोय, पोरी. तो कोट त्याच्या घरात खुंटीवर टांगलेला मला दिसायचा, माझं बटण लावलेला. मी तिला दुसरा घेतला, निळा. ती म्हणाली, वाईट नाही. घातला तिनं, झिजेस्तोवर घातला. म्हातारा वारला, त्यानं हे चित्र हॉलला ठेवलं, पाठीमागून नीट बांधून, खिळे मारून, आणि ते आलं तसं समितीनं टांगलं. आणि बोर्गहिल्ड दर रविवारी त्याच्याखाली उभी राहायची, त्याच्याकडं पाठ करून. कधी म्हणून वर बघितलं नाही तिनं. लोक म्हणायचे, किती साधी बाई, स्वतःच्या चित्राचा गर्व नाही. आणि मी वॉफल खात बसायचो, ह्याच खुर्चीत, आणि एकदा खालची बघायचो, एकदा वरची, आणि मनात म्हणायचो, विचारावं का? मग म्हणायचो, पुढच्या रविवारी.

म्हणून मी तिला सोडत नाहीये, कळलं? चित्र चांगलं आहे म्हणून नाही. चित्र वाईट नाही. पण हिला विचारायचं राहिलेलं एक आहे माझं, आणि खालची गेली, आता तू वरचीही नेतेस.

बरं. हं. ही घे किल्ली. सुरुवातीपासून हातातच होती.

थांब, एकटी काढू नकोस, जड आहे ते, मी धरतो ह्या बाजूनं. वर, जरा वर, आता तुझ्याकडं घे—सावकाश—हां. टेबलावर नको, वॉफलचं तूप लागेल. भिंतीला टेकव. तोंड भिंतीकडं कर म्हणतेस? पाठ तपासायची? तपास बाई, तुझं काम आहे ते. आम्ही कधी बघितली नाही. कशाला बघायची? आपलं थोडंच आहे, आणि—

हे काय आहे?

नाही, कळतंय मला, पाठीला कापड मारलंय, ओल लागू नये म्हणून, तू म्हणतेस ते कळलं. पण हे कापड—ह्या बाजूला ये. दिव्याच्या आड येऊ नकोस. ही शिवण बघ, ही बाहीची शिवण आहे. उसवून सपाट केलीय. हा खिसा. आणि हे.

हे बटण आहे, सिन्ने.

नांगर. दिसतोय तुला? काळा पडलाय. आणि हा दोरा माझा. असा गबाळा दोरा अख्ख्या देशात दुसरं कुणी घालणार नाही.

गप बस जरा. तशी तू गप्पच आहेस म्हणा. मीच गप बसतो.

...

म्हणजे तिनं टाकला होता. अंगणातून निघाली, चित्र भिजताना दिसलं, आणि तिनं अंगातला कोट काढून त्याच्यावर टाकला. मी दुर्बिणीतून बघत होतो, अगं! माझाच कोट बघत होतो, आणि म्हणत होतो म्हाताऱ्याचं लाडकं असणार! आणि म्हातारा बाहेर आला असेल, बघितलं असेल चित्रावर कोट—त्याला काय वाटणार? त्याला वाटणार, बाईला चित्र आवडलेलं नाही, झाकून टाक म्हणतेय. म्हणून तो पुन्हा बोलवायला आला नाही! आणि तो बोलावत नाही म्हणून हिला वाटणार, दुसऱ्याच्या चित्राला हात लावला, राग आला त्याला. आणि कोट? कोट परत द्यायचा म्हणजे भर गावातून बाईचा कोट हातावर टाकून माझ्या दारात यायचं. तो येणार? मेला असता. म्हणून त्यानं तो पाठीला ठोकला. आणि ही मागायला जाणार नाही, आणि मी विचारणार नाही—त्यानं माझी शिडी नेली, कोट नेला, आणि मी म्हणत बसलो बायको नेली! काय तिघं शहाणे होतो गं आम्ही! आणि गाव, ते तर विचारूच नकोस, एवढी वर्षं ह्या चित्राखाली वॉफल खाल्ले आणि एकाच्याही मनात आलं नाही की जरा उलटून बघावं. उलटून कशाला बघा, म्हणे, आपलं आहे का!

मी रडत नाहीये. लाकूड ओलं आहे चुलीतलं, धूर होतो.

स्वतः भिजत आली बघ. एवढ्या बर्फात. आणि कोट घातला कुणाला? स्वतःलाच. त्या बसलेलीला. जन्मात एकदा बसली होती बिचारी, तिला भिजू द्यायचं नव्हतं.

काय म्हणालीस? काढावा लागेल? कशाला काढावा लागेल? मूळ चित्राचा भाग नाही, म्हणे! अगं, मूळ चित्र कुठलं आणि भाग कुठला ते तू मला सांगतेस? माझं बटण आहे ते. ऐक, मी बैठकीत काही बोललो नाही, जन्मात कुठल्याच बैठकीत बोललो नाही, पण आता बोलतो, नीट ऐकून घे, माझा विरोध आहे. कोट काढायला माझा विरोध आहे. न्यायचं तर कोटासकट न्या, परदेशात फिरवा, कुठंही टांगा, पण पाठीवर कोट राहील. चष्मेवाल्याला सांग, तोर्ग्रिमनं सांगितलंय. लिहून घेतलंस? लिहू नकोस, लक्षात ठेव. हो म्हण. मान नको हलवू, हो म्हण.

हं. छान. एकमतानं मंजूर.

आता उचल. गाडी कुठं आहे तुझी? धक्क्यावर? खोकाही गाडीतच? म्हणजे इथून खालपर्यंत असंच नेणार, ह्या कागदात गुंडाळून? बाहेर काय पडतंय बघितलंस का? बघ खिडकीतून. आडवा पडतोय. अगं, ओस्लोत पाऊस पडतच नाही की काय! थांब. थांब म्हणतो ना. धर माझा कोट. घे गं, माझं काही होत नाही, घर चढावर आहे पण ओळखीचं आहे. असा टाक, खांद्यावरून—तिच्या—आणि ही टोपी कोपऱ्यावर ओढ. बटणं लाव. खालचं घट्ट आहे, ते मीच शिवलंय.

कोट परत पाठवायचा? नको, घाई नाही. चित्राबरोबरच येऊ दे. घरी विचारणारं कुणी नाही, आणि गाव तर विचारत नाहीच. आणि विचारलंच कुणी, तर सांगेन, राहिला.

भोंगा झाला बघ फेरीचा. जा, पळ. चित्र आडवं धरू नकोस, आणि बोटीवर खिडकीच्या बाजूला ठेव. कशाला ते मला विचारू नकोस. दार ओढून घे. मला तवा धुवायचाय.